हवामान बदललं की घर परत थंड नाहीतर परत गरम : बॉयलरचा हीटिंग कर्व्ह नीट कसा बसवायचा

प्रॉब्लेम साधारण असा असतो. कडाक्याची थंडी पडली की घर तापतच नाही, १८ च्या वर काही जात नाही, म्हणून बॉयलरवरचं (म्हणजे घरातल्या रेडिएटरांना गरम पाणी पाठवणाऱ्या यंत्रावरचं) टेंपरेचर वाढवलं जातं, दोन दिवस बरं वाटतं, मग बाहेरची थंडी जरा कमी झाली की घरात उकडायला लागतं, खिडक्या उघडल्या जातात, टेंपरेचर परत खाली, आणि पुढची थंडीची लाट आली की सगळं पहिल्यापासून. काही घरांत याच्या अगदी उलटं होतं, म्हणजे बाहेर शून्याखाली असताना घर मस्त उबदार आणि बाहेर १० असताना सकाळी हातपाय गार. बाहेरच्या भिंतीवर सेन्सर लावलेला आहे, बॉयलर हवामान बघून आपोआप कमीजास्त होतो असं बसवणाऱ्याने सांगितलेलं आहे, तरी दर हिवाळ्यात हेच, आणि शेवटी बॉयलरच खराब दिसतोय म्हणून बोर्ड बदला, पंप बदला इथपर्यंत गोष्ट जाते.

बहुतेक वेळा बॉयलर ठणठणीत असतो. हीटिंग कर्व्ह, म्हणजे बाहेर किती थंडी असताना रेडिएटरना किती गरम पाणी पाठवायचं ते ठरवणारी रेषा, त्या घराला जुळलेला नसतो एवढंच, आणि तो जुळत का नाही तर ज्या दिवशी त्रास होतो त्या दिवसापुरतीच दुरुस्ती होते. कर्व्हला दोन सेटिंगं असतात, स्लोप (बाहेर एक डिग्री थंडी वाढली की पाणी किती डिग्री वाढवायचं) आणि शिफ्ट (कुठल्याही हवामानात पाणी सरसकट किती डिग्री वर-खाली करायचं), आणि लोक कुठलाही त्रास असला तरी त्यातलं एकच फिरवत राहतात, कारण ते समोरच्या नॉबवर असतं आणि दुसरं मेन्यूत आत लपलेलं असतं. मग थंडीत केलेली दुरुस्ती उबेत मोडते आणि उबेतली थंडीत. हे चक्र तोडायचं असेल तर आधी आपला त्रास कुठल्या सेटिंगचा आहे ते ओळखायला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

कर्व्ह म्हणजे नक्की काय करतो

घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. आत २० ठेवायचं आहे आणि बाहेर १० आहे तर फरक १०, बाहेर उणे १० असेल तर फरक ३०, म्हणजे तिप्पट उष्णता बाहेर जाते आणि रेडिएटरने तिप्पट उष्णता द्यायला पाहिजे. कर्व्ह नसलेला बॉयलर काय करतो तर कायम एकाच गरम पाण्याने, समजा ७० ने, रेडिएटर तापवतो आणि थर्मोस्टॅट म्हणेल तेव्हा बंद होतो. कर्व्हवाला बॉयलर बाहेरचं तापमान बघून पाणीच तेवढं गरम करतो जेवढं लागतंय.

साधा हिशोब असा धरा: जाणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर म्हणजे आतलं हवं ते तापमान, अधिक स्लोप गुणिले आत-बाहेरचा फरक, अधिक शिफ्ट. स्लोप १.५ आणि शिफ्ट शून्य असेल आणि आत २० पाहिजे असेल तर बाहेर १० असताना पाणी ३५ चं जाईल, बाहेर ० असताना ५० चं, बाहेर उणे १० असताना ६५ चं. आता स्लोप १.२ करा आणि शिफ्ट ६ करा, तर बाहेर १० ला ३८, ० ला परत ५०, आणि उणे १० ला ६२. बघा, शून्याला दोन्ही सेटिंगं अगदी सारखीच आहेत, फरक दोन्ही टोकांना पडतो. म्हणूनच बाहेर शून्य असताना तुम्ही कितीही काळजीने बॉयलर सेट केला तरी दोन महिन्यांनी तो चुकलेला निघू शकतो, कारण त्या एका दिवशी दोन्ही कर्व्ह बरोबरच दिसतात. सगळ्या कंपन्यांचं गणित तंतोतंत असंच नसतं, कुणी रेषा सरळ ठेवतं कुणी वाकवतं, कुणी नुसते कर्व्हचे नंबर देतं, पण वागणूक हीच.

रेषा वाकवतात त्याला कारण आहे आणि ते कळलं की बराच घोळ सुटतो. रेडिएटरचं पाणी आणि खोली यांच्यातला फरक अर्धा केला तर उष्णता अर्धी मिळत नाही, त्याहून कमी मिळते. रेडिएटरची क्षमता युरोपियन स्टँडर्डप्रमाणे ७५ चं पाणी आत, ६५ चं बाहेर आणि खोली २० अशी मोजतात, म्हणजे सरासरी फरक ५०. तोच फरक २५ झाला की साधारण ४० टक्केच उष्णता हातात येते. आता उलट बाजूने बघा, उणे १० ला जेवढी उष्णता लागत होती त्याच्या एक तृतीयांश १० ला लागते, पण त्यासाठी पाण्याचा फरक एक तृतीयांश करून चालत नाही, ४३ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. त्यामुळे सरळ रेषेचा कर्व्ह असेल आणि शिफ्ट शून्य असेल, तर कडक थंडीत घर छान आणि सौम्य थंडीत गार, हा त्रास जवळजवळ ठरलेला आहे. यात कुणाची काही चूक नाही, रेडिएटरचा स्वभावच तसा आहे, आणि थोडी शिफ्ट वाढवून स्लोप थोडा उतरवला की तो जातो. अंडरफ्लोअर हीटिंगमध्ये (फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवतात त्यात) पाणी मुळातच कमी गरम असतं आणि हा वाकडेपणा बराच कमी असतो.

कर्व्हला हात लावायच्या आधी

सगळ्यात पहिले बॉयलरच्या मेन्यूत जाऊन बाहेरचं तापमान तो काय दाखवतोय ते बघा, आणि शेजारी साधा थर्मामीटर सावलीत ठेवून ताडून बघा. हे दिवसातून एकदा करून भागत नाही, सकाळी लवकर, दुपारी ऊन असताना आणि रात्री असं तीनदा बघा. रात्री बरोबर आणि दुपारी बॉयलर ८-१० डिग्री जास्त दाखवत असेल तर सेन्सरवर ऊन पडतंय, आणि मग दुपारी बॉयलर पाणी थंड करतो आणि संध्याकाळी घर गार पडतं. सेन्सर उत्तर गोलार्धात उत्तरेच्या किंवा उत्तर-पश्चिमेच्या भिंतीवर पाहिजे, जमिनीपासून साधारण दोन-अडीच मीटर वर, आणि खिडकीच्या वर, एक्झॉस्टच्या तोंडाशी, बॉयलरच्या धुराड्याजवळ, बाल्कनीच्या छताखाली बंदिस्त कोपऱ्यात असा बिलकूल नको. अजून एक गोष्ट सहज सुटते, ती म्हणजे भिंतीतून वायर जिथून येते ते भोक. ते नीट बुजवलेलं नसेल तर घरातली गरम हवा त्या भोकातून थेट सेन्सरच्या डबीत जाते आणि तो कायम दोन-चार डिग्री जास्तच दाखवतो.

बहुतेक सेन्सरमध्ये आत एक छोटा थर्मिस्टर असतो, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत होतो आणि काही बॉयलर त्याला भयंकर थंडी समजतात, मेन्यूत उणे ४० वगैरे आकडा दिसतो आणि पाणी कमाल टेंपरेचरवर जातं. काही बॉयलर एरर देतात, काही गुपचूप ठराविक टेंपरेचरवर चालायला लागतात आणि तुम्हाला कळतही नाही की कर्व्ह आता चालूच नाहीये. वायर शॉर्ट झाली तर उलटं, भरपूर गरम दिसतं आणि हीटिंगच बंद. मल्टिमीटर असेल तर बॉयलरची वीज बंद करून सेन्सरच्या दोन टोकांवर रेझिस्टन्स मोजा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा, तक्ता सेन्सरप्रमाणे वेगळा असतो त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा धरू नका. सेन्सरच्या बाजूला हे करायला हरकत नाही पण बॉयलरचं कव्हर उघडायचं काम गॅसचं लायसन्स असलेल्या टेक्निशियनचं आहे, ते त्यालाच करू द्या.

दुसरं म्हणजे खोलीतला थर्मोस्टॅट. हा फार मोठा गुन्हेगार आहे. ऑन-ऑफ थर्मोस्टॅट आणि कर्व्ह एकत्र लावले की दोघं एकमेकांच्या आड येतात, कर्व्ह ४० चं पाणी संथपणे दिवसभर फिरवायला बघतो आणि थर्मोस्टॅट मधेच २० झालं म्हणून सगळं बंद करतो, मग पाणी थंड, मग परत सुरुवात, आणि कमी गरम पाण्याने घर परत वर यायला तासन् तास. कर्व्ह बसवेपर्यंत थर्मोस्टॅट हव्या त्या तापमानापेक्षा दोन-तीन डिग्री वर करून ठेवा म्हणजे तो मधे पडणार नाही. नंतर तो वरची मर्यादा म्हणून राहू दे, ऊन आलं किंवा घरात माणसं जमली तर उपयोगी पडतो. बॉयलरच्याच कंपनीचा किंवा ओपनथर्मवर (बॉयलर आणि कंट्रोल एकमेकांशी बोलतात त्या एका भाषेत) बोलणारा कंट्रोल असेल तर त्यात खोलीचा प्रभाव असं एक सेटिंग असतं, तेही आत्तापुरतं शून्य करा. नाहीतर तुम्ही कर्व्ह बदलाल, खोलीचा सेन्सर तो बदल खाऊन टाकेल, आणि तुम्हाला वाटेल काही फरकच पडला नाही.

रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की पाणी आपोआप अडवणारे) पण मुख्य खोल्यांमधले पूर्ण उघडे ठेवा. ते अर्धे बंद असताना घर थंड राहिलं तर दोष कर्व्हचा की व्हॉल्व्हचा हे सांगताच येणार नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, सगळं घर एकसारखं थंड किंवा गरम होतंय, की एक खोली भट्टी आणि दुसरी गार? दुसरं असेल तर कर्व्हने ते कधीच सुटणार नाही. तिथे पाणी नीट वाटलं जात नाहीये, बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं पाणी ओढतात आणि शेवटच्याला थेंबथेंब. रेडिएटरची हवा काढा, मग खालच्या बाजूचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह जवळच्या रेडिएटरांवर थोडा थोडा बंद करत जा, जोपर्यंत सगळ्यांचा परत येणारा पाइप साधारण सारखा कोमट होत नाही तोपर्यंत. हे कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी दुपार जाते, पण हे न करता शेवटच्या गार खोलीसाठी कर्व्ह वर चढवला की बाकी पूर्ण घर उगाच तापतं आणि गॅस जळतो. माझ्या मते कर्व्ह खराब आहे अशी जी तक्रार असते त्यातली बरीच मुळात बॅलन्सिंगची असते.

आता खरं काम, त्रास ओळखायचा

एक वही घ्या. रोज ठराविक वेळेला, शक्यतो सकाळी ऊन यायच्या आधी आणि रात्री उशिरा, चार आकडे लिहा: बाहेरचं तापमान, मुख्य खोलीचं तापमान, बॉयलर मागतोय ते पाण्याचं टेंपरेचर आणि प्रत्यक्षात जातंय ते. आठवड्याभरात हवामानाचे दोन-तीन प्रकार मिळाले की चित्र साफ दिसतं. आठवणीवर विसंबू नका, कारण थंडीचा त्रास लक्षात राहतो आणि जे दिवस ठीक गेले ते कुणालाच आठवत नाहीत.

समजा कडक थंडीत घर गार आणि सौम्य थंडीत ठीक. हे स्लोपचं काम, स्लोप वाढवा, शिफ्टला हात लावू नका. शिफ्ट वाढवली तर कडक थंडीतला प्रश्न सुटेल पण सौम्य दिवसांत उकडेल, आणि हीच ती चूक जी सगळीकडे दिसते. याच्या उलट कडक थंडीत घर जास्त तापतंय आणि सौम्य दिवसांत ठीक आहे, तर स्लोप उतरवा.

सौम्य थंडीत गार आणि कडक थंडीत ठीक, हा वर सांगितलेला रेडिएटरचा वाकडेपणा. शिफ्ट वाढवा आणि त्याबरोबर स्लोप थोडा कमी करा, दोन्ही एकत्र करावं लागतं, नाहीतर जे टोक ठीक चाललं होतं ते बिघडेल. सौम्य दिवसांत उकडतं आणि थंडीत ठीक असं असेल तर शिफ्ट उतरवा आणि स्लोप थोडा चढवा. हवामान कसंही असो, घर कायम तेवढंच गार किंवा कायम तेवढंच गरम, तर फक्त शिफ्ट. इथे मात्र नॉब फिरवून भागतं. नॉबवर आतलं हवं ते तापमान १ डिग्रीने वाढवलं की वरच्या हिशोबाप्रमाणे पाणी एक अधिक स्लोप इतकं वाढतं, स्लोप १.२ असेल तर २.२ डिग्री, म्हणजे नॉबवरची एक डिग्री दिसते त्यापेक्षा मोठी असते हे ध्यानात ठेवा.

वहीत आकडे असतील तर अंदाजाने चाचपडायची गरजच नाही. दोन असे दिवस शोधा ज्या दिवशी खोली बरोबर २० होती आणि बाहेरचं तापमान एकमेकांपासून चांगलं लांब होतं. समजा बाहेर १० असताना ३८ च्या पाण्यात घर बरोबर राहिलं आणि बाहेर उणे ५ असताना ५६ च्या पाण्यात. पाण्यातला फरक १८, बाहेरचा फरक १५, भागाकार १.२, हा झाला तुमचा स्लोप. मग १० च्या दिवशी शिफ्टशिवाय किती आलं असतं, २० अधिक १.२ गुणिले १०, म्हणजे ३२, आणि लागलं ३८, तर शिफ्ट ६. झालं. हे आकडे दुसऱ्या कुणाच्या घराला लागू पडणार नाहीत आणि दुसऱ्याचे तुम्हाला पडणार नाहीत, कारण भिंती, खिडक्या, रेडिएटरचा आकार सगळं वेगळं. शेजारच्याने स्लोप १ ठेवलाय म्हणून आपणही १ ठेवायचा याला काही अर्थ नाही. तरी सुरुवातीला काहीतरी धरायचं म्हणून, रेडिएटर असलेल्या घरात १.२ ते १.५ च्या आसपास आणि अंडरफ्लोअरला ०.४ ते ०.६ असं धरून चालू करतात. चांगलं इन्सुलेशन आणि मोठे रेडिएटर असतील तर १ च्या खालीही जमतं आणि जमत असेल तर तेच उत्तम.

बदल करताना स्लोप एका वेळी ०.१, शिफ्ट एका वेळी दोन-तीन डिग्री, आणि मग थांबायचं. किमान एक पूर्ण दिवस, दगडी किंवा जाड विटांचं घर असेल किंवा अंडरफ्लोअर असेल तर दोन-तीन दिवस. जड घर उष्णता साठवून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, आज केलेल्या बदलाचा परिणाम उद्या रात्री दिसतो. जे लोक दर दोन तासांनी उठून सेटिंग बदलतात त्यांना खरं उत्तर कधी दिसतच नाही, कारण कालच्या तीन बदलांचा परिणाम आज एकत्र येतो. बदल वहीत तारखेसकट लिहा. जुनं सेटिंग पण लिहून ठेवा, परत यायला रस्ता असू द्यावा.

काही बॉयलरमध्ये घर हलकं, मध्यम का जड असं विचारणारं सेटिंग असतं. जड निवडलं तर बॉयलर बाहेरच्या तापमानाची लांबलचक सरासरी धरतो, त्यामुळे रात्रीतून एकदम थंडी पडली तरी पाणी लगेच वाढत नाही. लाकडी पातळ भिंतींचं घर असेल आणि सेटिंग जड असेल, तर थंडी पडल्यावर पहिला दिवस घर गार आणि मग ठीक, आणि थंडी गेल्यावर पहिला दिवस उकाडा, असं दिसतं. तिथे कर्व्हला हात न लावता हे सेटिंग बदला.

कर्व्ह बरोबर आहे तरी होत नाही, तेव्हा

वहीतले शेवटचे दोन आकडे इथे कामाला येतात. बॉयलर ६२ मागतोय आणि प्रत्यक्षात तासन् तास ५४ च्या वर जात नाहीये, तर स्लोप वाढवून काय होणार, तो ७० मागेल आणि तरी ५४ च मिळेल. कमाल पाण्याच्या टेंपरेचरची मर्यादा मेन्यूत खाली लावलेली आहे का बघा. तिथे काही बॉयलर मागणीच कापून दाखवतात, म्हणजे बाहेर उणे ५ आणि उणे १२ दोन्ही वेळा मागणी ५५ च दिसते, हे पण त्याच मर्यादेचं लक्षण. मर्यादा ठीक असेल तर हीटिंगसाठी बॉयलरची पॉवर कमी लावलेली आहे का, फिल्टरमध्ये गाळ अडकलाय का, हे टेक्निशियनकडून बघून घ्यायचं.

पाणी मागितलं तेवढं गरम जातंय, अगदी ७०-७५, सगळ्या खोल्या एकसारख्या, आणि तरी घर गार, तर रेडिएटर लहान आहेत किंवा घरातून उष्णता फार बाहेर जाते. कर्व्हने ते झाकता येणार नाही.

सौम्य हवामानात बॉयलर दर चार-पाच मिनिटांनी चालू-बंद होतो ही वेगळीच तक्रार आहे. प्रत्येक बॉयलरची एक किमान पॉवर असते, त्याच्या खाली ज्योत जाऊ शकत नाही, आणि घराला त्याहून कमी उष्णता लागत असेल तर बॉयलर पाणी चटकन तापवून बंद होणारच. एकदोन रेडिएटर सोडून सगळे व्हॉल्व्ह बंद असतील तर हे फारच वाढतं. व्हॉल्व्ह उघडा, दोन पेटण्यांमधला थांबण्याचा वेळ वाढवा, आणि बाहेर किती तापमानाला हीटिंग पूर्ण बंद करायचं ती मर्यादा बघा. बऱ्याच बॉयलरना ती असते, १५ ते १८ च्या आसपास ठेवतात, आणि ती जास्त ठेवली असेल तर ज्या दिवशी घर उन्हावर आणि माणसांच्या उष्णतेवरच भागवू शकतं त्या दिवशीही बॉयलर उगाच पेटत राहतो.

रात्रीचं सेटबॅक. जुन्या सवयीने लोक रात्री ५-६ डिग्री उतरवतात आणि सकाळी एका तासात घर तापावं अशी अपेक्षा करतात. कर्व्हवर चालणाऱ्या बॉयलरकडे त्यासाठी जास्तीची ताकद नसते, त्याचं पाणी फक्त घर आहे तसं राखण्यापुरतंच गरम असतं. मग सकाळी घर गार म्हणून कर्व्ह चढवला जातो आणि दुपारी उकडतं. सेटबॅक २-३ डिग्रीवर आणा आणि सकाळची वेळ आधी सरकवा. कडक थंडीच्या दिवसांत मी तर सेटबॅक बंदच ठेवा असं म्हणेन, आधी कर्व्ह बसू द्या, मग हळूहळू सेटबॅक आणा.

वारा बाहेरच्या सेन्सरला कळत नाही. बाहेर ५ आहे आणि जोराचा वारा आहे त्या दिवशी फटींतून थंड हवा शिरते आणि घर गार पडतं, ऊन असेल तर उलट. एखाद्या वादळी दिवसावरून कर्व्ह बदलू नका, वहीत त्या दिवसापुढे वारा असं लिहा आणि हिशोबातून वगळा.

गरम पाण्याची टाकी असलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. कर्व्ह लावल्यापासून अंघोळीचं पाणी नीट तापत नाही असं झालं असेल, आणि तेही थंडी कमी असतानाच, तर बॉयलरला हीटिंगची मागणी कुठली आणि टाकीची कुठली हे कळत नाहीये. दोन्ही मागण्या एकाच वायरवरून जात असतील तर तो टाकीलाही ४० चं पाणी पाठवतो, आणि त्यातून टाकी ६० ला कशी जाणार. टाकीतलं पाणी ६० पर्यंत जायला पाहिजे, कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी गंभीर न्यूमोनिया होतो, त्यामुळे हे नुसत्या गैरसोयीवर सोडून देऊ नका. टाकीची मागणी बॉयलरला वेगळी पोचेल अशी वायरिंग करून घ्यावी लागते, मग टाकी तापताना बॉयलर कर्व्ह बाजूला ठेवतो आणि झाल्यावर परत कर्व्हवर येतो. ही वायरिंग होईपर्यंत किमान पाण्याचं टेंपरेचर ६५-७० करून ठेवावं लागलं तर ठेवा, तेवढे दिवस कर्व्ह नसल्यासारखाच.

बॉयलर कुठल्या जातीचा आहे ते बघा

कंडेन्सिंग बॉयलर असेल तर कर्व्ह जितका खाली जमेल तितका खाली ठेवण्यात फायदा आहे, नुसता आरामाचा नाही, गॅसचाही. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ च्या खाली पाणी होऊन उष्णता परत देते, पण त्यासाठी रेडिएटरवरून परत येणारं पाणी त्याहून थंड असायला पाहिजे. ७० चं पाठवून ६० चं परत येत असेल तर तो फायदा जवळजवळ सगळा धुराड्यातून जातो. म्हणून घर २० ला टिकलं की काम संपलं असं समजू नका, पुढच्या दिवसांत शिफ्ट अजून एक-एक डिग्री उतरवून बघा, जिथे घर अगदी किंचित कमी पडायला लागेल तिथून एक पायरी वर या.

जुना, कंडेन्सिंग नसलेला बॉयलर असेल, विशेषतः ओतीव लोखंडाचा, तर मात्र हेच करणं घातक आहे. तिथे परत येणारं पाणी फार थंड झालं की धुरातली आम्लयुक्त वाफ बॉयलरच्या आतच पाणी होते आणि लोखंड गंजतं, धुराडंही खराब होतं. अशा ठिकाणी बॉयलर स्वतः गरमच ठेवायचा आणि रेडिएटरकडे जाणारं पाणी मिक्सिंग व्हॉल्व्हने थंड करायचं, कर्व्ह त्या व्हॉल्व्हला लावायचा. लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचंही तेच, परत येणारं पाणी ६० च्या आसपास राखणारा व्हॉल्व्ह तिथे पाहिजेच. बॉयलर कुठल्या जातीचा आहे याची खात्री नसेल तर मॅन्युअलमध्ये किमान रिटर्न टेंपरेचर दिलंय का बघा आणि ते बघेपर्यंत कर्व्ह खाली ओढू नका. अंडरफ्लोअर असेल तर कमाल पाण्याची मर्यादा आधी लावा, बहुतेक ठिकाणी ४५ च्या आसपास, राहत्या भागात फरशीचा पृष्ठभाग २९ च्या वर जाऊ द्यायचा नसतो आणि मर्यादा नसताना स्लोप चुकून १.५ राहिला तर पहिल्याच थंडीत फरशीचं नुकसान होऊ शकतं.

कडाक्याच्या थंडीत कंडेन्सिंग बॉयलर एकदम बंदच पडला, एरर आली आणि आत गुडगुड आवाज येतोय, तर तो कर्व्हचा प्रश्न नाही. बाहेर काढलेली कंडेन्सेटची (धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी) बारीक नळी बहुतेक वेळा गोठलेली असते, आत पाणी तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करतो. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग रीसेट करा. चालू झाला तर त्या नळीला इन्सुलेशन घाला आणि शक्य असेल तर जाड नळी टाकून घ्या, नाहीतर पुढच्या तशाच रात्री ती परत गोठेल. रीसेट करूनही दोन-तीनदा बंद पडत असेल, गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर बॉयलरशी खेळत बसू नका. घराबाहेर पडा आणि इमर्जन्सी नंबरला बाहेरूनच फोन करा.